रामपालाचा ‘राम’ आणि कैवर्तांचा ‘रावण’



राज्य तलवारीने मिळवता येते, पण टिकवायचे असेल तर लोकांच्या डोक्यात शिरावे लागते. मध्ययुगातल्या राजांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून सैन्याबरोबर त्यांनी कवी पोसले, वंशावळी लिहून घेतल्या आणि लोकांच्या ओठांवर आधीपासून असलेले कथांमधले वीर स्वतःच्या नावाला जोडून घेतले. राजा वीराचा अवतार ठरला की त्याच्याविरुद्ध उभा राहणारा आपोआप राक्षस ठरतो. मग त्याचे म्हणणे काय होते, तो का उठला, हे विचारायची गरजच उरत नाही. राक्षसाला कसले म्हणणे असते?

हा डाव कसा खेळला जातो हे समजून घ्यायला आम्ही आज एकच प्रकरण घेणार आहोत. ते आहे बंगालमधले, अकराव्या-बाराव्या शतकातले. महाराष्ट्रात त्याची फारशी चर्चा होत नाही. आमच्या तरुणांना ते माहीत असायलाच हवे, कारण त्यात आमच्या सोयीचे जेवढे आहे तेवढेच गैरसोयीचेही आहे.

वरेंद्रीत काय घडले?

बंगाल-बिहारवर त्या काळी पाल घराण्याचे राज्य होते. आजच्या बांगलादेशचा वायव्य भाग आणि लगतचा उत्तर बंगाल म्हणजे वरेंद्री. पाल या प्रदेशाला आपली वडिलोपार्जित भूमी मानत. इ.स. १०७५च्या सुमारास दुसरा महिपाल गादीवर होता. त्याने शूरपाल आणि रामपाल या आपल्या दोन भावांनाच संशयावरून तुरुंगात टाकले होते. अशा वेळी सामंतांनी एकत्र येऊन बंड केले. महिपाल लढायला गेला आणि मारला गेला. वरेंद्री दिव्य नावाच्या माणसाच्या हाती गेली. या दिव्याला दिव्वोक असेही म्हणतात. तो पालांच्याच सेवेतला मोठा अधिकारी होता आणि जातीने कैवर्त होता.

कैवर्त म्हणजे कोण? आपल्या भाषेत सांगायचे तर कोळी-नावाडी. त्यांच्यातले कित्येक पुढे शेती करू लागले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात कैवर्तांचा उल्लेख येतो तो संकर जातींच्या यादीत, निषाद बापाची आणि नाव चालवून पोट भरणारी संतती म्हणून. ज्यांच्या हातात शास्त्राने वल्हे दिले होते, त्यांच्या हातात आता राज्य आले. दिव्यानंतर त्याचा भाऊ रूदोक आणि त्यानंतर रूदोकाचा मुलगा भीम, असे तीन कैवर्त राज्यकर्ते वरेंद्रीत झाले.

तुरुंगातून सुटलेला रामपाल गेलेली वरेंद्री परत मिळवण्याच्या मागे लागला. एकट्याच्या बळावर ते जमणारे नव्हते. त्याने सामंतांचे उंबरठे झिजवले, त्यांना जमिनी आणि संपत्ती देऊन आपल्या बाजूला वळवले. राष्ट्रकूट घराण्यातला त्याचा मामा मथन फौज घेऊन आला. गंगेवर नावांचा पूल बांधून सैन्य पलीकडे उतरले. भीम हत्तीवरून लढताना पकडला गेला. त्याच्या हरी नावाच्या साथीदाराने विखुरलेली फौज पुन्हा गोळा केली, पण पुढे त्यालाही वळवण्यात आले. शेवटी भीमाच्या डोळ्यांसमोर त्याच्या कुटुंबाला मारले गेले आणि मग बाणांचा वर्षाव करून त्याला ठार करण्यात आले. रामपालाने रामावती नावाची नवी राजधानी वसवली.

हे सगळे आपल्याला कळते कोठून? मुख्यतः एका काव्यातून. आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

एका दगडात दोन पक्षी

त्या काव्याचे नाव ‘रामचरितम्’, कवी संध्याकर नंदी. हरप्रसाद शास्त्रींना १८९७ साली त्याची हस्तलिखित प्रत नेपाळात सापडली आणि १९१० साली एशियाटिक सोसायटीने ते छापले. संध्याकराचा बाप प्रजापती नंदी हा रामपालाचा सांधिविग्रहिक होता, म्हणजे तह आणि युद्धाचे खाते पाहणारा अधिकारी. काव्य पूर्ण झाले ते रामपालाचा मुलगा मदनपाल याच्या काळात. थोडक्यात, कवी राजाच्या पगारी माणसाचा मुलगा आणि ऐकणारा विजेत्या राजाचा मुलगा.

या काव्याचे वैशिष्ट्य असे की ते आरंभापासून श्लेषात लिहिले आहे. एकच ओळ एका बाजूने वाचली तर अयोध्येच्या रामाची कथा सांगते आणि दुसऱ्या बाजूने वाचली तर रामपालाची. राम म्हणजे रामपाल. हरवलेली सीता म्हणजे हरवलेली वरेंद्री. समुद्रावरचा सेतू म्हणजे गंगेवरचा नावांचा पूल. आणि सीता पळवणारा रावण म्हणजे कैवर्त भीम. यातला एक शब्द मुद्दाम लक्षात ठेवा: ‘जनकभू’. जनकाची मुलगी म्हणून जनकभू म्हणजे सीता. जनक म्हणजे बाप, म्हणून जनकभू म्हणजे बापाची जमीनही. एका शब्दात बायको आणि जमीन दोन्ही बसवले. ज्याने बापाची जमीन घेतली तो परस्त्री पळवणारा ठरला. जमिनीचा राजकीय वाद एका शब्दाच्या कोटीने पापाचा प्रश्न झाला.

हा एकट्या कवीचा खेळ होता असेही नाही. पालांचा मंत्री वैद्यदेव पुढे कामरूपात राजा झाला. त्याच्या कमौली इथल्या ताम्रपटातही हीच उपमा आली आहे: रामपालाने युद्धाचा समुद्र ओलांडला, भीमरूपी रावणाला मारले आणि जनकभू मिळवली. ताम्रपट हा जमीन दान देण्याचा सरकारी कागद. म्हणजे दरबारातली उपमा दप्तरात शिरली होती. आजच्या भाषेत बोलायचे तर ही सरकारी प्रचाराची ठरलेली ओळ होती.

संध्याकर स्वतःला कलियुगाचा वाल्मीकी म्हणवतो. राजा राम झाला की कवीला वाल्मीकी होता येते. सौदा दोन्ही बाजूंनी फायद्याचा आहे.

आरसा फुटतो कुठे?

पण प्रचारालाही वास्तवाचा आधार घ्यावा लागतो, आणि तिथेच तो उघडा पडतो. संध्याकर दिव्याला दस्यू म्हणतो, ढोंगी म्हणतो. तोच कवी भीमाबद्दल लिहिताना मात्र त्याच्या गुणांची स्तुती करतो. त्याच्या राज्यात लोक सुखी होते असे मानायला जागा त्याच्याच काव्यात आहे. भीमाच्या बाजूने उघडेवाघडे, धनुष्यबाण घेतलेले, रेड्यांवर बसलेले लोक लढले असेही त्यात येते. हे पगारी सैन्याचे वर्णन दिसत नाही. इतिहासकार रामशरण शर्मा यांनी याच वर्णनावरून यात शेतकऱ्यांचा उठाव पाहिला. वरेंद्री परत घेतल्यावर रामपालाने कर सौम्य ठेवले आणि शेती सावरली असेही हे काव्य कौतुकाने सांगते. आम्ही विचारतो, आधी सगळे आलबेल असते तर विजेत्याला कर सौम्य ठेवल्याची जाहिरात करायची गरज का पडली असती?

कैवर्तांचा स्वतःचा कवी आपल्यापर्यंत पोचलेला नाही. त्यांची बाजू शत्रूच्या काव्यातल्या फटींतूनच वाचावी लागते. पण लोक पूर्ण विसरलेले नाहीत. बांगलादेशातल्या नौगाव जिल्ह्यात दिबर दिघी नावाचा मोठा तलाव आहे आणि त्याच्या मधोमध एक दगडी खांब उभा आहे. लोक त्याला दिव्याच्या विजयाचा खांब मानतात. बोगुरा भागात जुने मातीचे बांध आहेत, त्यांना लोक ‘भीमेर जांगाल’ म्हणतात, म्हणजे भीमाचा बांध. राजाची राजधानी रामावती आज नकाशात शोधावी लागते. हरलेल्यांचे नाव तळ्याला आणि बांधाला चिकटून राहिले.

आम्हा महाराष्ट्रातल्या माणसांना हे नवे वाटू नये. बळीराजाला पाताळात घालणारी कथा ग्रंथात आहे आणि बळीचे राज्य परत यावे असे आमच्या घरातल्या बाया दिवाळीत ओवाळताना म्हणतात. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हाच धागा पकडला. ज्याला कथेने दैत्य केले तो कोणाचा राजा होता, हा प्रश्न त्यांनी विचारला. तोच प्रश्न वरेंद्रीच्या रावणाबद्दल विचारायचा आहे.

आता गैरसोयीचा भाग

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, झाले, ब्राह्मणी राजाने रामाचे नाव घेऊन बहुजनांचे राज्य बुडवले, नेहमीचीच गोष्ट. थांबा. पाल राजे ब्राह्मणी नव्हते. ते बौद्ध होते. आपल्या ताम्रपटांत ते स्वतःला परमसौगत, म्हणजे सुगताचे परमभक्त म्हणवून घेत. विक्रमशिला महाविहार याच घराण्याने उभारला, नालंदेला याच घराण्याने पोसले. जगद्दल महाविहार तर खुद्द रामपालाच्या काळातला आणि तोही याच वरेंद्रीत. ज्या जमिनीवर भीमाच्या कुटुंबाची कत्तल झाली, त्याच प्रदेशात बुद्धाच्या नावाचा विहार उभा होता.

मग बौद्ध राजाला राम कशाला लागला? कारण सोपे आहे. बुद्धाच्या शिकवणीत बंडखोराला राक्षस ठरवून त्याचा वंश संपवण्याची सोय नाही. सुगत राजाला करुणा सांगतो, परत घेतलेल्या जमिनीचा उन्माद सांगत नाही. ती सोय रामकथेत होती. तिथे शत्रू माणूस नसतोच, त्यामुळे त्याला मारण्यात पाप नसते. राजाने विहाराला दान दिले बुद्धाच्या नावाने आणि युद्धाचे समर्थन केले रामाच्या नावाने. याच मदनपालाच्या मनहली ताम्रपटात आणखी एक नोंद आहे. त्याच्या पट्टराणीला महाभारत वाचून दाखवल्याबद्दल एका ब्राह्मणाला जमीन दान दिली आहे. बौद्ध म्हणवणाऱ्या घराण्यात महाभारताच्या वाचनाला जमिनीची दक्षिणा मिळत होती आणि दरबारी काव्य रामाचे लिहिले जात होते.

यातून आम्ही काय शिकायचे? राजाच्या बिरुदावर बुद्धाचे नाव आहे एवढ्यावरून तो आमचा होत नाही. बाबासाहेबांनी आम्हाला धम्म दिला तो कसोटी म्हणून दिला, लेबल म्हणून दिला नाही. त्या कसोटीला जो उतरत नाही तो परमसौगत असला तरी प्रश्न विचारायलाच हवा. उलट बाजूने, दिव्य आणि भीम कैवर्त होते म्हणून त्यांना आजच्या अर्थाने क्रांतिकारक, बौद्ध, जातिअंताचे सेनानी असे काहीही चिकटवायला आम्ही मोकळे नाही. दिव्य पालांचाच अधिकारी होता आणि बंड सामंतांनी केले होते, हे सत्य लपवून उपयोग नाही. आणि बंडखोर राजाचे नाव भीम आहे म्हणून भारावून जाण्याचेही कारण नाही. नाव सारखे असणे हा पुरावा नसतो.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. आमच्यातले काही तरुण आज मोबाईलवर जे संदेश फिरवतात, त्यात हाच संध्याकराचा धंदा उलट्या बाजूने चाललेला दिसतो. कुठल्याही जुन्या नावाला धरायचे, त्याला महानायक करायचे, समोरच्याला राक्षस करायचे, पुरावा मागणाऱ्याला गद्दार म्हणायचे. मुखवटा बदलला तरी खेळ तोच राहतो. आणि या खेळात ते नेहमीच आमच्यापेक्षा पुढे असणार, कारण त्यांना हजार वर्षांचा सराव आहे.

‘परकीय आक्रमणामुळे’ हे खरे आहे का?

आणखी एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. रामाला राजकारणात आणले गेले ते तुर्कांच्या आक्रमणाला तोंड देण्यासाठी, धर्मरक्षणासाठी, असे सांगतात. पृथ्वीराज चौहानाला रामाचा अवतार ठरवणारे जयानकाचे ‘पृथ्वीराजविजय’ हे काव्य त्यासाठी पुढे केले जाते. ते बाराव्या शतकाच्या अखेरचे आहे. पण ‘रामचरितम्’ त्याच्या काही दशके आधीचे आहे आणि त्यातला रावण तुर्क नाही. तो याच मातीतला, कालपर्यंत याच राज्याच्या सेवेत असलेल्या कुळातला कैवर्त आहे. परका शत्रू दारात नसतानाही रामाचा मुखवटा चढवला गेला, आणि तो आपल्याच खालच्या माणसाविरुद्ध चढवला गेला. जे आज रामाच्या नावावर फक्त परक्यांची भीती विकतात, त्यांनी या रावणाची जात एकदा वाचावी.

हे आपल्याच देशात होते असेही नाही. इंग्लंडच्या राजांनी आर्थर या दंतकथेतल्या राजाशी हेच केले. आर्थर हा मुळात इंग्रजांशी लढणाऱ्या ब्रिटनांचा, म्हणजे आजच्या वेल्श लोकांच्या पूर्वजांचा वीर. तो मेला नाही, एक दिवस परत येईल, अशी वेल्श लोकांची आशा होती. ११९१ साली ग्लास्टनबरीच्या मठातल्या साधूंनी आर्थरची कबर सापडल्याचे जाहीर केले. कबर सापडली म्हणजे आर्थर मेला, आणि आशाही मेली. १२७८ साली वेल्सशी झगडणारा पहिला एडवर्ड तिथे गेला आणि त्याने त्या हाडांचे थाटात पुन्हा दफन केले. पुढे वेल्स जिंकले. १३०१ साली तोच एडवर्ड पोपला पत्र लिहितो आणि स्कॉटलंडवर हक्क सांगताना आर्थरचा दाखला देतो. ज्यांना जिंकले त्यांचाच वीर उचलला आणि तिसऱ्याला जिंकायला वापरला!

महाराष्ट्रात देवगिरीच्या यादवांनी तिसरी रीत वापरली. नवव्या शतकातल्या दृढप्रहारापासून त्यांचा इतिहास लागतो. पण यादवांचा मंत्री हेमाद्री आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त राजाचा वंश थेट पुराणातल्या यदूला आणि द्वारकेच्या कृष्णाला नेऊन भिडवतो. त्याच ग्रंथात व्रते कोणती करावी, दाने कोणती द्यावी, याची खंडेच्या खंडे आहेत. राजाला देवाचे कूळ मिळाले, पुरोहिताला दानाची हमी मिळाली. हिशेब चुकता.

बंगालात शत्रूला रावण केले, इंग्लंडात शत्रूचा वीर पळवला, देवगिरीत वीराला पूर्वज केले. मार्ग तीन, पण फायदा कोणाचा ते तिन्हीकडे सारखेच.

आमच्यासाठी तीन प्रश्न

बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात विभूतिपूजेचा प्रश्न घेतला. थोर माणसाचा आदर करणे वेगळे आणि आपली बुद्धी त्याच्या पायाशी वाहणे वेगळे, हा त्यांचा मुद्दा होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला. हा इशारा आमच्या नायकांनाही लागू आहे, खुद्द बाबासाहेबांनाही. जे लोक काल त्यांच्या पुतळ्याला विरोध करीत होते ते आज त्याच पुतळ्याला हार घालून आरक्षणावर कात्री चालवतात. ग्लास्टनबरीच्या हाडांची कथा ज्याने समजून घेतली, तो या हाराने फसणार नाही.

म्हणून कोणी कोणत्याही वीराची कथा घेऊन तुमच्यासमोर आला, मग ती पोथीतली असो, सिनेमातली असो, निवडणुकीच्या सभेतली असो की आपल्याच माणसाने पाठवलेली असो, तर तीन प्रश्न विचारा.

पहिला, ही कथा लिहिणाऱ्याचे पोट कोणाच्या हातात आहे?

दुसरा, या कथेच्या आडून कोणती जमीन, कोणता हक्क, कोणती सत्ता घेतली जात आहे? ‘जनकभू’ शब्दात सीता कुठे संपते आणि सातबारा कुठे सुरू होतो, ते शोधा.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, या कथेत राक्षस कोणाला केले आहे, आणि त्याच्या बाजूने बोलायला कोणी आहे का? नसेल तर त्याच्यासाठी बोलण्याचे काम आपले आहे. पुरावा हातात धरून, त्याला देव न करता.

दिव्य, रूदोक आणि भीम यांना मंदिर नको आहे. त्यांना वाचक हवेत. संस्कृत, पाली, बंगाली शिकणारी, ताम्रपट वाचणारी, हस्तलिखितांच्या फटीत बोट घालून बघणारी पोरे-पोरी आमच्या वस्त्यांतून निघाली, तर संध्याकर नंदीचे काव्य तिसऱ्या बाजूनेही वाचता येईल. आजवर त्याचे दोनच अर्थ लावले गेले, एक रामाचा आणि एक रामपालाचा. कैवर्तांचा अर्थ अजून लावायचा आहे.

जय भीम!